कोऱ्या गोळ्या

ज्या माणसाच्या शेजारी आपण एकतीस वर्षं झोपत आलो, तो डाव्या कुशीवर झोपतो की उजव्या, हे शीलाला काही केल्या आठवेना. मांडीवर वही, हातात पेन आणि समोर पेपरमागे दौलत. शेवटी तिने त्यालाच विचारलं.

"झोपलेला माणूस कसं सांगणार?" पेपरमागून उत्तर आलं.

"जाग येते तेव्हा कुठल्या कुशीवर असता?"

"जाग आली की मी उठतो. कूस बघत बसत नाही."

"बरं. तहान कशी लागते? घोट घोट पाणी पिता की एकदम तांब्याभर?"

"तू देतेस तेवढं."

"भीती कशाची वाटते?"

"तुझ्या वहीची."

शीलाने वही मिटली. दीड पान भरलं होतं आणि त्यात नवऱ्याचं नाव, वय आणि 'तिखट आवडतं' एवढंच खरं होतं.

होमिओपॅथीत आजारापेक्षा आजारी माणसाची चौकशी जास्त. दोघांचा खोकला एकच असला तरी एकाला उघड्या खिडकीशी बरं वाटतं, दुसऱ्याला पांघरुणात. एकाला शेजारी माणूस लागतं, दुसरा भिंतीकडे तोंड करतो. त्या दोघांची औषधं वेगळी. हे सगळं काढून घ्यायचं तर माणसाने तोंड उघडायला हवं. डोंबिवलीला वर्तक डॉक्टरांच्या दवाखान्यात शीला एकोणीस वर्षं सकाळच्या वेळात काम करत होती. नंबर लावणं, बाटल्या भरणं, पुड्या बांधणं. लोक तिला कंपाउंडरबाई म्हणत. पुड्या बांधता बांधता तिने कपाटातली जाड पुस्तकं वाचून काढली होती, आधी चित्रं बघून, मग डिक्शनरी घेऊन. तिथे बायका खुर्चीत टेकल्या की सासूपासून स्वप्नापर्यंत सगळं सांगत. पुरुष 'गॅस' म्हणत आणि घड्याळाकडे बघत.

दौलतही गॅसच म्हणाला होता.

त्यांची बिल्डिंग ठाकुर्लीला, चार मजली, बिनलिफ्टची. हे दोघं तिसऱ्यावर. सोसायटीचा नोटीस बोर्ड खाली लावला की पोरं कागद फाडतात म्हणून तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर नेऊन ठोकलेला. दौलतने वागळे इस्टेटच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर छत्तीस वर्षं काढली आणि गेल्या वर्षी तो घरी बसला. सोसायटीच्या एकाही मीटिंगला कधी न गेलेला हा माणूस गेला दीड महिना वर येताना रोज त्या बोर्डासमोर उभा राहून पाण्याच्या टाकीच्या सफाईची नोटीस वाचत होता. टाकी साफ होऊन तीन आठवडे झाले होते.

एकदा शीला भाजी घेऊन त्याच्या मागून आली. तो बोर्डासमोर होता, पण डोळे मिटलेले. एक हात कठड्यावर, दुसरा डाव्या जबड्याखाली. दाढ दुखत असावी तसा. मानेवर घामाचे ओघळ. तिची चाहूल लागताच त्याने एक दणदणीत ढेकर काढला.

"गॅस," तो म्हणाला. "त्या वालाच्या उसळीने."

वाल तिने आठवडाभर केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पेशंट संपल्यावर तिने वर्तक डॉक्टरांना सांगितलं. जिना, जबडा, घाम, आणि थांबलं की पाच मिनिटांत बरं वाटतं. डॉक्टर सत्तरीचे. कुणाचंही मधेच तोडत नसत, पेशंट शेजारणीच्या कुत्र्याबद्दल बोलत असला तरी. त्या दिवशी त्यांनी तोडलं.

"शीलाताई, हे माझ्याकडचं नाही."

"नक्स व्होमिका दिलं तर? चिडकेपणा आहे, तिखट आहे..."

"ताई, एकोणीस वर्षांत तुम्हाला मी काय शिकवलं असेल ते राहू द्या. हे हृदयाचं आहे असं समजून चालायचं. आज कार्डिओग्राम काढा, उद्या नको." त्यांनी एका फिजिशियनचं नाव लिहून कागद तिच्या हातात दिला. त्यांचं अक्षर फक्त तिलाच लागायचं, म्हणून खाली त्यांनी तेच पुन्हा ठळक लिहिलं.

तो कागद घेऊन ती घरी आली तेव्हा तिला वाटलं होतं, काम झालं. होमिओपॅथीचा डॉक्टर स्वतः सांगतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

दौलतने कागद वाचला, घडी केली आणि चष्म्याच्या घरात ठेवला.

"तुझ्या डॉक्टरला माझं औषध सापडत नाही वाटतं."

"तसं नाही ओ. हे आमच्या औषधाचं कामच नाही."

"मग एकोणीस वर्षं काय साबुदाणा वाटत होतीस?"

हा खास त्याचा शब्द. लग्नानंतर काही वर्षांनी ती दवाखान्यात जायला लागली तेव्हापासून तो गोळ्यांना साबुदाणा म्हणायचा. 'आज किती किलो साबुदाणा विकला?' 'एकादशीला चालतो का तुमचा साबुदाणा?' त्यांची मुलगी रसिका, हिचा मुलगा दात येताना रात्रंदिवस किरकिर करायचा, तेव्हा शीलाने त्याला कॅमोमिला दिलं. पोर शांत झोपलं, तर हा म्हणाला होता, रडून दमलं. त्याच माणसाने आता खुर्चीत मागे रेलून, दोन्ही हात डोक्यामागे घेऊन सांगितलं, "माझा माझ्या बायकोवर विश्वास आहे. मला तुझ्याच गोळ्या दे. दुसऱ्या कुणाकडे मी येणार नाही."

एकोणीस वर्षं जे वाक्य ऐकायला तिने कान टवकारले होते, ते असं आलं. तिला तो पेपर त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

रसिकाने कल्याणहून फोनवर दोनदा अपॉइंटमेंट घेतली. पहिल्या दिवशी दौलत सकाळीच रिक्षा करून तिच्याकडे नातवाला भेटायला गेला. जावयाची बिल्डिंग लिफ्टवाली. तपासणीची वेळ टळेपर्यंत तो तिथे कॅरम खेळत बसला. दुसऱ्या दिवशी त्याने तोंडावर पांघरूण घेतलं.

"बाबा घाबरलेत," रसिका म्हणाली.

"ते मला कळतंय. त्यांना कळू दे."

"तू त्यांना विचार ना नीट."

"विचारलं. म्हणाले, वहीची भीती वाटते."

खरी भीती गुणाजीची होती, हे शीलाला ठाऊक होतं. गुणाजी दौलतच्या शेजारच्या लेथवरचा. दोन वर्षांपूर्वी छातीत भरून आलं म्हणून तपासायला गेला आणि ऑपरेशननंतर घरी आलाच नाही. दौलत त्याच्यासोबत हॉस्पिटलच्या दारापर्यंत गेलेला. "चालत गेलेला तो," एवढंच तो सांगायचा. "स्कूटर त्याने स्वतः लावली. चावी माझ्याकडे दिली. चालत गेलेला, शीला." पुढचं वाक्य कधी आलं नाही. चावी अजून देवाच्या फळीवर होती. गुणाजीच्या बायकोने ती परत मागितली नाही आणि ह्याने दिली नाही.

मग शीलाने जी चूक केली, ती दवाखान्यात पुड्या बांधलेली बाईच करू जाणे.

वर्तक डॉक्टरांची पद्धत अशी, की औषधाचा एक डोस द्यायचा आणि मग वाट बघायची. दहा दिवस, पंधरा दिवस. पण पेशंटला नुसतं थांबायला सांगितलं तर तो थांबत नाही, दुसरा डॉक्टर गाठतो. म्हणून त्याला रोजच्या गोळ्या द्यायच्या, साखरेच्या, त्यात औषधाचा थेंब नाही. दवाखान्यात त्यांना कोऱ्या गोळ्या म्हणत. दिसायला तशाच, बाटली तशीच, चवही तीच. अशा कोऱ्या गोळ्यांच्या हजारो बाटल्या शीलाने भरल्या होत्या. पेशंट समाधानाने घेऊन जात आणि आठ दिवसांनी येऊन सांगत, फरक आहे.

तिने हिशेब असा केला: ह्याला माझ्याच गोळ्या हव्यात ना, मग देऊ. कोऱ्या देऊ. फरक पडणार नाही. दुखायचं ते दुखेल, आणि दोन दिवसांत स्वतःच म्हणेल, तुझ्याने होत नाही, चल त्या डॉक्टरकडे. नवऱ्याने आपल्याला नापास करावं, एवढीच तिची इच्छा होती.

तिने बाटली भरली. दिवसातून तीनदा चार गोळ्या झाकणात काढून ती त्याच्यासमोर धरायची. हात लावायचा नाही, अशी होमिओपॅथीची शिस्त. हाताच्या वासाने, घामाने गोळी बिघडते म्हणतात. दौलत आज्ञाधारक मुलासारखा तोंड उघडून जीभ वर करायचा आणि ती झाकण उलटं करायची. अर्धा तास आधी नाही, नंतर नाही. कच्चा कांदा बंद, कॉफी बंद, देवापुढचा कापूरसुद्धा त्याने दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. साबुदाणा म्हणणारा माणूस शिस्तीत तिच्यापेक्षा कडक निघाला.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, "फरक आहे."

शीलाच्या हातातलं झाकण तसंच राहिलं.

"कसला फरक?"

"दुखत नाही. अजिबात. तुझ्या हाताला गुण आहे, मीच बोलायला उशीर केला."

तिला हसू यावं की रडू, कळेना. त्या दिवशी दवाखान्यात ती गप्प गप्प पुड्या बांधत राहिली. एकेका पेशंटचं तोंड आठवत होतं. फरक आहे म्हणणारी किती जणं, आणि त्यातली कोऱ्या गोळ्यांवरची किती? आर्निकाने ज्याची सूज उतरली, त्याची दोन दिवसांत आपणहून उतरली नसती का? हे प्रश्न तिला पूर्वीही पडले होते, पण तेव्हा ते दुसऱ्यांच्या नवऱ्यांबद्दल होते.

मग आठव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की दाराच्या कडीला दुधाची पिशवी लटकते आहे. दूध रोज दौलत खालून आणायचा. भाजी? ती तिने आणलेली. पेपर? वरच्या मजल्यावरच्या हेमालीकडून, बारावीतली पोर, कॉलेजला जाण्याआधी ती आणून द्यायची. केस वाढलेले, न्हाव्याकडे गेला नव्हता. शीला स्वयंपाकघरात उभी राहून आठ दिवस बोटांवर मोजत गेली. आठ दिवसांत हा माणूस जिना उतरलाच नव्हता. उतरलाच नाही तर चढणार कुठून, आणि चढला नाही तर दुखणार कसं?

"दूध आणायला का जात नाही?" तिने विचारलं.

"औषध चालू असताना दगदग नको," दौलत म्हणाला. "तूच पेशंटना सांगतेस."

म्हणजे कोऱ्या गोळ्यांनी त्यांचं नेमकं काम केलं होतं. माणसाला थांबवून ठेवलं होतं. एकोणीस वर्षं त्या कशासाठी भरतो हे माहीत असून तिने त्या उलट कामाला लावल्या आणि वर अपेक्षा केली की त्या ऐकतील.

आता सांगून टाकावं, असं तिला रोज सकाळी वाटायचं. पण सांगितलं तर? गोळ्यांवरून विश्वास उडाला तर ठीक. तिच्यावरचा उडाला तर हा उद्या तिचंही ऐकणार नाही, आणि मग कुणाचंच ऐकणार नाही. ती झाकण धरायची, तो जीभ वर करायचा.

अशात कल्पिताचं प्रकरण आलं. कल्पिता पहिल्या मजल्यावरची, सोसायटीच्या महिला मंडळाची सगळी धावपळ तिच्याकडे. तिने महिनाभर आधीच ठरवलं होतं: रविवारी संध्याकाळी पाच वाजता, खालच्या पार्किंगच्या जागेत, 'होमिओपॅथीची ओळख', बोलणार शीलाताई. बोर्डावर टाकीच्या नोटिशीवर ह्याच कार्यक्रमाचा कागद डकवलेला.

"मला नाही जमणार गं," शीला म्हणाली. "मी डॉक्टर नाही."

"म्हणून तर तुम्ही. डॉक्टर बोलले की कुणाला कळत नाही. आणि समोसे सांगून झालेत."

समोशांपुढे शीलाचं काही चाललं नाही.

रविवारी पस्तीसेक बायका आल्या. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक माइक, तो अधूनमधून शिट्टी मारायचा. शीलाने साडीला घाम पुसला आणि सुरुवात केली.

"कांदा चिरताना काय होतं? नाक गळतं, डोळे चुरचुरतात. सर्दीतही तेच होतं. तर होमिओपॅथी म्हणते, निरोगी माणसाला जे त्रास देतं, तेच अगदी थोडं करून आजारी माणसाला द्या. म्हणून अशा सर्दीला कांद्याचं औषध."

"मग कांदाच खाल्ला तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"भाकरीबरोबर चांगला लागतो," शीला म्हणाली. बायका हसल्या आणि तिचा आवाज जरा सुटला. तिने सांगितलं, मुका मार लागला की आर्निका देतात, परीक्षेत हातपाय गळाले की जेल्सेमियम, आणि जरा बोललं की डोळ्यात पाणी, शेजारी कुणीतरी हवंच, अशा बाईला पल्सेटिला. अर्ध्या बायकांनी शेजारणीकडे बघितलं. औषध करतात कसं तेही तिने सांगितलं: मूळ अर्काचा एक थेंब स्पिरिटच्या नव्याण्णव थेंबांत घालायचा, जोरजोरात हलवायचं, त्यातला एक थेंब पुन्हा नव्याण्णवात, असं तीस वेळा.

हेमालीने हात वर केला. "मग काकू, शेवटी त्यात उरतं काय?"

"आमचे डॉक्टर म्हणतात, शक्ती. तुझे केमिस्ट्रीचे सर म्हणतील, काही नाही. मी त्या दोघांच्या मधे बसून पुड्या बांधते. मला एवढंच सांगता येतं, की कुठे ह्या गोळ्या देत बसायचं नाही. पोराला ताप चढत असेल, कुणाला धाप लागली असेल, छातीत..."

तेवढ्यात जिन्याकडून दौलत आला.

इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावून भांग. बारा दिवसांनी खाली उतरला होता, आणि उतरायला काही लागत नाही. तो सरळ पुढे आला आणि कल्पिताकडून माइक मागून घेतला. लेथच्या आवाजात आयुष्य काढल्यामुळे त्याला तसा माइकची गरज नव्हती.

"मी काय म्हणतो, बायको स्वतःचं सांगणार नाही," तो म्हणाला. "मी सांगतो. मी ह्या गोळ्यांना साबुदाणा म्हणायचो, तिला विचारा. मला दीड महिना छातीत त्रास होता. जबड्यापर्यंत यायचं. सगळे म्हणाले, मशीनवर चढा, फोटो काढा. हिने चार गोळ्या दिल्या. बारा दिवसांत कुठल्या कुठे गेलं. माझ्या बायकोसारखी डॉक्टर डोंबिवलीत नाही."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. दौलतने शीलाकडे बघितलं. लग्नात बघितलं होतं तसं, जरासं लाजून. दीड महिना म्हणाला, शीलाच्या मनात आलं. जबडा म्हणाला. मला वालाची उसळ सांगत होता.

पहिल्या रांगेतल्या कलावतीकाकू खुर्ची मागे सारून उठल्या. त्या तळमजल्यावर मुलाबरोबर राहायच्या.

"शीला, तीच बाटली मला भरून दे गं बाई. आमच्या रवींद्रलाही छातीत दुखतं, डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतो. तुझ्या गोळ्या घेईल. आजच दे."

माइकने शिट्टी मारली.

"काकू, त्या बाटलीत औषध नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"नुसत्या साखरेच्या गोळ्या आहेत. कोऱ्या. ह्यांना मी बारा दिवस कोऱ्या गोळ्या देतेय. रवींद्रला उद्या सकाळी डॉक्टरकडे न्या. उद्या कशाला, आत्ता न्या."

दौलतने माइक टेबलावर ठेवला, अगदी हळू, काचेचा असावा तसा.

"कोऱ्या," तो म्हणाला.

"तुम्हाला बरं वाटू नये म्हणून दिल्या. बरं वाटलं नाही तर डॉक्टरकडे जाल म्हणून."

"मला बरं वाटू नये म्हणून," दौलतने ते नुसतं परत म्हटलं, आणि तो वळला. जिन्याकडे गेला. पायांचा आवाज येत होता, भराभर, रागाने भरलेला. पहिला मजला. शीला माइकच्या वायरमधून पाय सोडवत निघाली. वर पायांचा आवाज मंदावला. मग थांबला.

ती पोचली तेव्हा तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर होता. बोर्डाकडे बघत नव्हता. पायरीवर बसला होता, इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला, हात जबड्याखाली. ढेकर काढायचा प्रयत्नही त्याने केला नाही.

"फसवलंस," तो म्हणाला. श्वास पुरत नव्हता.

"हो," शीला म्हणाली. "दुखतंय?"

त्याने होकाराने मान हलवली. इतक्या प्रश्नांत आज पहिल्यांदा एकाचं खरं उत्तर मिळालं होतं.

कल्पिता खालून वर आली, तिने एकदा बघितलं आणि रिक्षा बोलवायला पळाली. दौलत कठड्याला धरून उठू लागला. "मी येतो चालत."

शीलाने त्याला खांद्याने खाली दाबलं. "गुणाजीभाऊ चालत गेले होते ना? तुम्ही चालत जायचं नाही. तुम्ही बसून चला."

सभेची एक खुर्ची वर आली. रवींद्र आला, त्याला कलावतीकाकूंनी हाताला धरून आणला होता. त्याला उचलू द्यायचं नाही म्हणून शीलाने नुसतं पुढे होऊन वाट दाखवायला लावलं. खुर्ची धरली ती कल्पिताने, हेमालीने आणि महिला मंडळाच्या आणखी दोघींनी. दौलतने डोळे मिटून घेतले, दुखण्याने की लाजेने कुणास ठाऊक. एका वळणावर तो म्हणाला, "सावकाश, भिंतीला लागेल," तेव्हा शीलाला जरा बरं वाटलं. माणूस सूचना देतोय.

जवळच्या हॉस्पिटलात ऐश्वर्या नावाची एक तरुण डॉक्टर ड्युटीवर होती. रसिकापेक्षा लहानच असेल. तिने दौलतच्या छातीवर वायरी लावता लावता विचारलं, "काका, कधीपासून?"

"दोन महिने होत आले," दौलत म्हणाला. "एकोणिसाव्या पायरीला सुरू होतं. आधी मधोमध दाबल्यासारखं, मग डावा जबडा, मग दंडातून खाली. घाम येतो. थांबलं की चार मिनिटांत जातं, मी घड्याळ लावून बघितलंय. गेल्या महिन्यात दोनदा पहाटे झोपेतून उठवलं. डाव्या कुशीवर जास्त वाटतं, म्हणून मी उजव्या कुशीवर झोपतो."

शीला पडद्याजवळ उभी होती. तिला आपल्या वहीतलं पहिलं पान आठवलं आणि असा काही राग आला की डोळ्यात पाणी उभं राहिलं. एकोणीस वर्षांत अशी नेटकी केस तिने एकाही पेशंटकडून ऐकली नव्हती. पायरीचा नंबरसुद्धा.

"मला का नाही सांगितलं?" ती पडद्याजवळूनच म्हणाली.

दौलतने छताकडे बघितलं. "तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस."

डॉक्टरने कागदाची पट्टी ओढून बघितली, मग पुन्हा बघितली. रक्ताची एक तपासणी अजून यायची होती. अटॅक आला असं पट्टीवरून दिसत नाही, ती म्हणाली, पण रक्त कमी पोचतंय हे नक्की. आज इथेच ठेवायचं, उद्या ठाण्याला अँजिओग्राफीला न्यायचं. "बरं झालं आणलंत. अजून चार दिवस थांबला असतात तर..." ती तिथेच थांबली. तिचंही पुढचं वाक्य आलं नाही. शीलाने रवींद्रलाही रिक्षात बसवून आणलं होतं आणि त्याचं नाव लिहून दिलं होतं; बाकावर बसलेल्या त्याला डॉक्टरने नावाने हाक मारली आणि त्यालाही आत यायला सांगितलं.

नर्सने शीलाच्या हातात औषधाचा छोटा कप दिला. "हे त्यांना चावून खायला सांगा. आत्ताच."

कपात पांढऱ्या गोळ्या होत्या. साध्या, मोठ्या, कडांना धार असलेल्या. शीला खाटेपाशी गेली. दौलत अजून तिच्याशी बोलत नव्हता, म्हणजे बोलणार नव्हता असं त्याने ठरवलेलं दिसत होतं. चेहरा भिंतीकडे. पण कपाचा आवाज ऐकून त्याने डोकं इकडे वळवलं, डोळे मिटले, हात दोन्ही बाजूंना नीट ठेवले आणि सवयीने तोंड उघडून जीभ वर केली.

शीला तशीच उभी राहिली, कप हातात धरून. मग तिने त्याचा हात उचलला, तळवा उघडला आणि त्यावर गोळ्या ओतल्या.

"ह्यांना हात लावला तरी चालतो," ती म्हणाली.